भावनिक आवाहन

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुत्र्याला, पालीला, अंधाराला मी भीत नाही. चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की मात्र माझे हातपाय गार पडतात. शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज फाटायचा. अशा मुलीनं बी.ए.ला मराठी घेतलं, आणि दुसऱ्या वर्षाला तिच्या वाट्याला 'वैचारिक गद्य' नावाचा पेपर आला.

त्या पेपरात शब्दांची एक फौजच होती. प्रतिपादन, गृहीतक, दाखला, खंडन, उपरोध, अभिनिवेश, आवाहन. कुणी व्याख्या म्हणायला लागलं की आमच्या मॅडम हात वर करून थांबवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "उदाहरण." त्यांचं बोट बाकांवरून फिरायला लागलं की मी खाली न पडलेलं पेन शोधायला वाकायची. 'अभिनिवेश' हा तर मला बरेच दिवस एखादा आजारच वाटत होता. मॅडमचा एक नियम होता. लेख वाचताना प्रत्येक परिच्छेदासमोर, डावीकडच्या समासात, लेखक तिथे काय करतो आहे ते पेन्सिलीनं लिहायचं. काय म्हणतो ते नाही, काय करतो ते. स्वतः लिहितानाही तसंच.

हे शब्द मी घोकले ते आमच्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत. आमची वस्ती शहरातल्या जरीपटका भागाच्या अलीकडची. घर म्हणजे एक खोली आणि ओटा, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. त्यामुळे वस्तीतली सगळी शिकणारी पोरं त्या खोलीत यायची. तिला आम्ही अभ्यासिका म्हणायचो. कुणी पोलीस भरतीचं वाचायचं, कुणी बँकेचं. मी फेऱ्या मारत पुटपुटायची, "गृहीतक म्हणजे न सांगता धरून चाललेली गोष्ट." नर्सिंगचा अभ्यास करणारी एक ताई वैतागायची. "बस कर वं, माह्या डोक्यात तुह्यंच गृहीतक घुसून राहिलं."

परीक्षेला दोन महिने उरले होते. तेव्हा बातमी आली की विहाराची समिती ती खोली डेकोरेशनवाल्याला देणार, गाद्या आणि खुर्च्या ठेवायला. विहाराचं छत गळत होतं, त्याच्या भाड्यातून ते दुरुस्त होईल, असं त्यांचं म्हणणं. समितीतली माणसं काही वाईट नव्हती. रविवारी वंदनेनंतर बैठक ठेवली होती. आमच्याकडे रीत अशी की ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणावं. लहान असो की म्हातारा, त्याचं होईपर्यंत मध्ये कुणी तोंड घालत नाही. पण लिहून पाठवलेलं चालत नाही. मी आधीच विचारून पाहिलं होतं.

"तू मराठीवाली. तूच बोल," पोलीस भरतीवाले म्हणाले. सोळाशे मीटर धावणारी ही धट्टीकट्टी पोरं, पण बोलायची वेळ आली की सगळी माझ्या मागे.

नाही म्हणायची सोय नव्हती. खोली गेली तर माझा अभ्यास गेला, अभ्यास गेला की मी नापास, आणि नापास झाले की नरखेडकडचं एक स्थळ मामानं शोधूनच ठेवलं होतं. संत्र्याचा बगीचा, मुलगा एकुलता एक. पास होईपर्यंत थांबू, एवढ्या एका वाक्यावर आईनं मामाला अडवून धरलं होतं.

मी भाषण लिहिलं, मॅडमच्या पद्धतीनं, समासात शब्द मांडून. दावा. दाखला. खंडन. मॅडमना नेऊन दाखवलं, तर वाचून त्या म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला हलवणारं यात काय आहे? तुझ्या घरातलं काय आहे?"

त्या संध्याकाळी मी आणखी तीन वाक्यं लिहिली. 'माझी आई रोज संध्याकाळी माझी वही उघडून एकेक पान तपासायची. तिला एक अक्षरही वाचता येत नव्हतं. तिच्या हातून जे सुटलं, ते मला या खोलीत मिळालं.' समोर, समासात लिहिलं, 'भावनिक आवाहन'. लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते आठवलं की अजूनही स्वतःची किळस येते.

आईला वाचता येत नाही, हे वस्तीत कुणालाही माहीत नव्हतं. सही ती झोकात करायची. कुणी कागद पुढे केलाच तर "चश्मा घरी राहिला" म्हणून मोकळी व्हायची. आमच्या वस्तीत गरिबीची कुणाला लाज नाही, पण अक्षर न येण्याची आहे. घरोघरच्या आज्यांनीसुद्धा म्हातारपणी पाटी धरलेली. आईच्या नशिबात तेवढंही नव्हतं, आणि ते तिनं वीस वर्षं झाकून ठेवलं होतं.

पण आई रविवारी बैठकीला यायचीच नाही. जरीपटक्याच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं तिचं काम, रविवारी तर दुपार टळून जायची. ती तिथे नसणार, हे मी धरूनच चालले होते. तिच्या कानावर नंतर जाईल, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

रविवारी माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी उठून उभी राहिले. कागद दोन्ही हातांनी धरला. आणि वाचायला सुरुवात केली, ती समासापासून. "दावा," मी मोठ्यानं म्हणाले, "ही खोली बंद होऊ नये." पुढे "दाखला" असंही वाचलं. पोरं फिदीफिदी हसली. मला थांबताही येईना. डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते आणि जे दिसेल ते तोंडातून बाहेर पडत होतं.

'खंडन' वाचून झालं आणि मी वर बघितलं. दारात आई उभी होती. मेसमधला गॅस संपला म्हणून मालकानं तिला लवकर सोडलं होतं. कोपरापर्यंत कणीक तशीच वाळलेली. पोरगी बोलते आहे हे कळल्यावर ती हातही न धुता आली होती. मागे बायकांमध्ये बसली आणि शेजारणीला कोपरानं ढोसून माझ्याकडे बोट दाखवू लागली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

मी खाली बघितलं. पुढचा परिच्छेद तोच होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "भावनिक आवाहन." आणि मी गप्प झाले.

ती तीन वाक्यं गाळता आली असती. खाली निष्कर्ष लिहिलेला होता, तो वाचून बसता आलं असतं. पण डेकोरेशनवाला मोबाइलमध्ये बघत होता, समितीतले एक काका जांभई देत होते. माझ्या दाव्या-दाखल्यानं कुणीही हललेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मला नरखेड दिसत होतं.

"थांबली काहून, बेटा?" अध्यक्ष काका म्हणाले. "कर ना आवाहन. आमी ऐकून राहिलो."

मी वाचलं. तिन्ही वाक्यं वाचली, शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज फाटला नाही.

मग एकेक बाई मागे वळून बघायला लागली. आई मान खाली घालून मनगटावरची वाळलेली कणीक नखानं खरवडत होती. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि खोली पोरांचीच राहील, छताचं आपण मिळून बघू, असं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. पोलीस भरतीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मी कागदाची बारीक घडी करत खाली बसले.

घरी जाताना आई दहा पावलं पुढे चालली. घरी आल्यावर तिनं हात धुतले, माठ भरला, वरण टाकलं. मी दाराशी बसून होते. ती मारेल, रडेल, मामाला फोन लावेल, सगळं मनात येऊन गेलं, आणि यातलं काहीही झालं असतं तरी मला बरं वाटलं असतं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तिनं गॅस बंद केला.

"तुले कधीपासून मालूम होतं?" तिनं विचारलं. माझ्याकडे तिची पाठ होती.

"तिसरीपासून."

तिच्या प्रश्नावरून मला कळलं की मला हे ठाऊक आहे, याचा तिला आजपर्यंत पत्ताच नव्हता.

"मंग त्याच्यानंतर रोज वही काहून आणून देत होती मले?"

"तुले बरं वाटे म्हनून," मी म्हणाले.

ती वळली. पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"आन् आज?"