आर्वी रोडवर मागून येणारी सायकल

आर्वी रोडवर खरांगण्याच्या पुढे एक लहानसा पूल आहे. दोन वर्षांपूर्वी पहाटे तिथे माझ्या धाकट्या भावाच्या सायकलला मागून कोणत्या तरी गाडीने उडवलं. शेतातून लोक धावत येईस्तोवर तो गेला होता. वर्धा ते तळेगाव आणि परत, अशी एक लांब पल्ल्याची सायकल राइड दरवर्षी निघते, तिचा तो सराव करत होता.

तेव्हापासून आई झोपत नाही. रात्रभर समोरच्या खोलीत बसून असते. तिचं एकच म्हणणं, "वाटेत गेलेलं माणूस वाटेतच राह्यते. त्याले घर सापडत नाई. घरच्या कोणीतरी जाऊन आणा लागते." आणायची रीतही तिच्याकडे होती. त्या जागी उभं राहून 'चाल घरी' म्हणायचं, आणि घर येईपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. मोटारीनं गेलं तर चालत नाही. माणूस ज्या चालीनं निघाला होता त्याच चालीनं त्याला परत आणायचं. म्हणजे सायकलनं. तिचे गुडघे गेलेले, वडील कधीच वारलेले. उरले कोण, तर मी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते आणि वाईट लिहिला तर ओरडतेही. आईला मी खूप समजावलं, मग चिडले, मग एक दिवस तिचे डोळे पाहिले आणि गुपचूप सायकल विकत घेतली. एकटीनं तेवढं अंतर मारायची माझी छाती नव्हती, म्हणून त्याच राइडमध्ये नाव घातलं. माझ्या आयुष्यातली ती पहिलीच राइड.

वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर पहाटे सगळे जमले. बहुतेक पोरं, अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांवर चष्मे. त्यात मी सलवार-कुर्त्यावर हेल्मेट घातलेली. आयोजकांनी नियम सांगितले. त्यातला एक मला फार आवडला. सगळ्यांच्या शेवटी त्यांचा एक माणूस असतो, त्याला स्वीप म्हणतात. जो सर्वांत मागे पडेल त्याच्या मागे तो राहतो, त्याला सोडून पुढे जात नाही. त्या दिवशीचा स्वीप नागपूरचा, बँकेत नोकरी करणारा पोरगा होता. अर्ध्या तासात सगळे दिसेनासे झाले आणि तो आपसूकच माझ्या वाट्याला आला.

"ताई, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही चालवत राहा. मी मागंच आहो."

जाताना पूल आला तेव्हा मी खाली पाहत निघून गेले. आणायचं ते परतीच्या वाटेवर, असं मी मनाला सांगितलं. खरं तर भीती वाटत होती. तळेगावला संत्री आणि चहा मिळाला. सगळे फोटो काढत होते. माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या.

परतताना पूल आला तेव्हा दुपार झाली होती. मी उतरले. स्वीप शहाणा होता, काही न विचारता बराच मागे थांबला. पुलाच्या कठड्याला कुणीतरी पिवळा रंग मारलेला होता, खाली कोरडा नाला, पलीकडे कपाशी. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. मला वाटलं होतं मी रडेन, पण लाजच जास्त वाटली. इकडेतिकडे बघून मी हळूच म्हणाले, "बाबू, चाल घरी. आई वाट पाहून राह्यली." आणि सायकलवर बसले.

थोडं पुढे गेल्यावर मागून टिकटिक सुरू झाली. सायकलचं पॅडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून येते ती. स्वीप निघाला, मी समजले. वळून पाहायचं नव्हतंच, पण पाहायची गरजही वाटली नाही. मागे कोण आहे ते मला ठाऊक होतं.

मी त्याच्याशी बोलूही लागले. एकटीनं तोंड बंद ठेवून चालवणं मला जमत नाही. सीट टोचते म्हणाले, शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या नकला केल्या, घरी गेल्यावर झुणका-भाकर खाणार म्हणाले. मागून उत्तर येत नव्हतं. दमला असेल बिचारा. टिकटिक मात्र माझ्या चालीनं चालली होती. मी हळू झाले की तीही हळू. आणि मला बरं वाटत होतं. दोन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आंजी गावाच्या अलीकडे वारा समोरून आला. मी अगदी रांगत होते. माझ्यापायी एक तरणाताठा पोरगा उन्हात ताटकळतोय, याची मला शरम वाटली. मागे न पाहताच मी ओरडले, "तू जाय रे बाबा! माह्यासाठी थांबू नको. मी येते एकटी."

टिकटिक थोडी थांबली. मग लांब गेली. मग बंद झाली. माझ्या बाजूनं पुढे मात्र कुणीच गेलं नाही. पाणी पीत थांबला असेल, असं म्हणून मी पॅडल मारत राहिले.

नाक्यावर त्यांनी टाळ्या वाजवून माझ्या गळ्यात पदक घातलं. मी खुर्चीवर बसून पाय चोळत होते, तेवढ्यात एक पिकअप येऊन उभी राहिली. मागे आडवी टाकलेली सायकल, आणि पुढच्या सीटवरून ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन स्वीप उतरला.

"सॉरी ताई," तो म्हणाला. "त्या पुलापाशीच माही चेन तुटली. तुम्ही निघाल्या तवा लय आवाज दिला, तुम्ही पाह्यलंच नाई. एवढ्या दूर एकट्या आल्या तुम्ही."

मी गळ्यातलं पदक काढून खुर्चीवर ठेवलं. मुंडी खाली घालून घरी आले, मागे न पाहता, रीत पाळत. आता पाळून काय उपयोग, हे कळत असूनही.

आई फाटकात उभी होती. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही, माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत विचारलं, "आला?"

"आला," मी म्हणाले.

तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथे उभं राहवेना. "ये बाबू, ये," म्हणत ती आत वळली, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर बाजेवर गाढ झोपली होती.

मी सायकल फिरवली. आंजीच्या पलीकडे, मी ओरडले होते त्या जागी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. रस्त्याच्या कडेला उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची लाज न बाळगता, मी मोठ्यानं म्हणाले, "मघाशी ते तुले नाई म्हटलं रे, बाबू. ते तुले नाई म्हटलं."