आप्पांच्या फोटोखाली काय लिहायचं

आमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात माजी सैनिकांचे सात फोटो लावले आहेत. त्यातला पाचवा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आप्पा साखर कारखान्यात वायरमन होते. सैन्यात ते एक दिवसही नव्हते. सैन्यात होती आमची आई.

आई जाऊन चार महिने झाल्यावर मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, आईंचा फोटो द्या, लावून घेतो. आणि वडिलांच्या फोटोचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. काढू का?"

दोन दिवसांत सांगते, असं मी म्हणाले, आणि तीन आठवडे काही सांगितलं नाही. मी शहरात, शाहूपुरीत राहते, तिथंच शिक्षिका आहे. मुलांना सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर लिहायला सांगते. इथं मला प्रश्नच नीट कळत नव्हता.

आईनं मिरजेत नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि लष्करी इस्पितळात सिस्टर म्हणून लागली. लेफ्टनंट म्हणून गेली आणि आठ वर्षांनी कॅप्टन होऊन परत आली. परत आली ती लग्नामुळं. त्या काळी लष्करातल्या सिस्टरनं लग्न केलं की नोकरी सोडावी लागे. तिला नोकरी सोडायची होती की लग्न करायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आणि माझा भाऊ त्या वजाबाकीत कुठं बसलो असतो, याची मला भीती वाटायची.

गावात ती सिस्टरबाई झाली. कारखान्याच्या दवाखान्यात अर्धा दिवस काम, घरी दोन म्हशी, आणि गल्लीतल्या कुणालाही ताप आला तर इंजेक्शन. लष्करातलं तिच्याकडं दिसण्यासारखं फारसं काही नव्हतं. एक गादीवरची चादर तेवढी. चादरीचे कोपरे ती पाकिटासारखे दुमडायची आणि इतकी घट्ट ताणायची की आम्ही रात्री पाय घालायला धडपडायचो. अंथरुणावर दिवसा बसलेलं तिला खपत नसे. "पेशंट हायस काय?" असं विचारायची. मी दहावीत असताना पहाटे पाचला तिचा आवाज यायचा, "चलो, उठो", आणि त्यापुढं मराठीत असं काही की पुन्हा झोप लागणं शक्य नसायचं. कॉलेजचा फॉर्म तिनंच भरला. फीच्या रांगेत आप्पा तीन तास उभे राहिले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ती पदवी त्या दोघांची आहे असंच मी धरून चालते.

आता त्या चुकीबद्दल. मी सातवीत असताना शाळेचे एक गुरुजी गावातल्या माजी सैनिकांची यादी करत घरी आले. सव्वीस जानेवारीला त्यांचा सत्कार करायचा होता. लष्कराची पत्रं आमच्या घरी येतात हे पोस्टमननं त्यांना सांगितलं होतं. आप्पा सोप्यात बसले होते, आई आत भाकरी थापत होती, मी तिच्याशेजारी. गुरुजींनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर?" आप्पांनी आपलं नाव सांगितलं. गुरुजींनी ते यादीत लिहिलं, चहा घेतला आणि गेले. रेशन कार्ड, लाइट बिल, सातबारा, सगळं ज्याच्या नावावर, त्याच्याच नावावर मिलिट्रीही गेली. आईला आत सगळं ऐकू येत होतं. तिनं भाकरी उलटली.

जानेवारीत निमंत्रण आलं. आप्पा गांगरले. "अगं, हे चुकलंय. मी जाऊन सांगून येतो."

आई म्हणाली, "आता पत्रिका छापल्यात. जावा की."

आप्पा गेले. फेटा बांधून, शाल आणि नारळ घेऊन आले आणि दिवसभर फेटा उतरवला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. मग गावानंही त्यांना सुभेदार म्हणायला सुरुवात केली. "काय सुभेदार, कुठं निघालासा?" असं कुणी विचारलं की ते नुसते हसायचे. आपण सैन्यात होतो असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नव्हतो असंही म्हणाले नाहीत. हे वीसेक वर्षं चाललं. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही, आणि मलाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. हे आज सगळ्यात जास्त विचित्र वाटतं.

पुढं आप्पा वारले आणि शाळेनं त्यांचा फोटो लावला. तो पाहून मला पहिल्यांदा राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. मी नव्या मुख्याध्यापकांना भेटून सगळं सांगितलं. ते खरंच हळहळले. पुढच्या सव्वीस जानेवारीला आईला निमंत्रण आलं. ती नको म्हणत होती. मी तिला हट्टानं नेलं.

चार म्हाताऱ्या सैनिकांच्या रांगेत आई पाचवी बसली, पाठ ताठ. फेटेवाला एकेकाला फेटा बांधत आला आणि तिच्यापुढं थांबला. बाईमाणसाला फेटा कसा बांधायचा? मग कुणीतरी एका शिक्षिकेला ओटीचं ताट आणायला पिटाळलं. ताट आलं, तशी दुसरी बाई कुजबुजली. पण माईक चालूच होता. साऱ्या मैदानाला ऐकू गेलं, "ओटी न्हाय भरायची, मालक वारलेत त्यांचे."

"मग फेटा बांधा की."

"बाईला?"

"मग काय नुसता नारळ?"

"अहो, कायतरी ठरवा, पावणं खोळंबल्यात."

मी खाली पालकांमध्ये उभी होते. माझे कान तापले. आई उठली आणि माईकशिवायच म्हणाली, "पोरं कवापासनं उन्हात उभी हायत. त्यातलं एक पडंल आता. आधी त्यास्नी बसवा." मुलं बसली. झेंडावंदन झालं. आईला नारळ मिळाला.

घरी आल्यावर मी विचारलं, "इतकी वर्षं तू आप्पांना का जाऊ दिलंस?"

"त्यांना फेटा शोभायचा," ती म्हणाली.

हे उत्तर मी जपून ठेवलं. पण सहा महिन्यांनी, म्हशीची धार काढताना, मी न विचारताच ती म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हतं का? तू तरी इचारलंस? सातवीत व्हतीस. वाचाय येत व्हतं तुला." यातलं खरं उत्तर कोणतं? दोन्ही खरी असतील तर ती एकाच माणसात कशी मावत होती?

शेवटच्या महिन्यात ती मला ओळखेनाशी झाली. मला सिस्टर म्हणायची. एका दुपारी तिनं मला वॉर्डचा चार्ज दिला. शब्द स्पष्ट, प्रमाण भाषेत, जी ती घरी कधी बोलली नव्हती. "चार नंबरला पाणी द्यायचं नाही. सातचं ड्रेसिंग राहिलंय. अकरा नंबर रात्री रडतो, त्याच्याजवळ थोडं बसा. लिहून घ्या." मी वही आणून लिहून घेतलं. मग ती म्हणाली, "आणि बाहेर वायरमन बसलेत. त्यांना चहा द्या. बरेच दिवस बसलेत."

मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, डोक्यात सगळं मिसळलं असंल." असेलही. ते वाक्य माफीचं होतं, मायेचं होतं की नुसत्या विसराळूपणाचं, हे मी ठरवू शकलेले नाही.

भाऊ गावीच असतो, शेती आणि म्हशी बघतो. मुख्याध्यापकांच्या फोनचं कळल्यावर तो चिडला. "आप्पांचा फोटू काढलास तर गाव म्हणंल, सुभेदार खोटं बोलत व्हता. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं?"

"आणि तसाच ठेवला तर आईचं खोटं होतं त्याचं काय?"

"आई आईच्या फोटूत राहील की. कॅप्टन म्हणून. दोघंबी राहू देत."

"दोघंही माजी सैनिक?"

तो म्हणाला, "तू शिकलेली हायस. तूच बघ."

मी आठवडाभर कागदावर लिहीत आणि खोडत होते. आईचं सोपं होतं. हुद्दा, तिचं माहेरचं नाव, कारण नोकरी त्याच नावानं झाली, मग सासरचं नाव, आठ वर्षं. आप्पांचं अडत होतं. बायकांच्या फोटोखाली 'यांच्या पत्नी' असं आम्ही न विचारता लिहितो. शेवटी तेच उलटं केलं. आप्पांचं नाव लिहून खाली लिहिलं: 'वायरमन, साखर कारखाना. वरील कॅप्टन यांचे पती.' आईचा फोटो वर आणि आप्पांचा त्याच्या खाली लावा, असं सांगितलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, असं आजवर कुणाचं लिहिलेलं न्हाय."

"लिहा की," मी म्हटलं. माझा आवाज आईसारखा आला, असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ तोंडातल्या तोंडात ते म्हणत राहिला. मग म्हणाला, "आप्पांना राग आला असता?"

"ठाऊक नाही."

"आईला?"

तेही ठाऊक नव्हतं.

पाट्या लागून आठवडा झाला. भाऊ रोज सकाळी शाळेवरूनच डेअरीला दूध घालायला जातो, पण अजून आत जाऊन आलेला नाही. मीही शाहूपुरीहून दोनदा गावी गेले आणि दोन्ही वेळा शाळा टाळून मागच्या रस्त्यानं घरी पोचले.