दोष कुणात

शेजारी मोहफुलं वाळत घातली की तो गोड, आंबूस वास घरात येतो आणि आम्ही नवरा-बायको चंद्रपूरहून परतलो ती दुपार मला आठवते.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूबाई मलाच वांझ म्हणत. त्या दिवशी चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या पाहून सांगितलं, "मूल व्हायला बाईचं बीज आणि पुरुषाचे शुक्राणू, दोन्ही लागतात. तुमचं बीज चांगलं आहे. यांच्यात शुक्राणू तयारच होत नाहीत." आमच्या पोंभुर्ण्यापर्यंत बसमध्ये नवरा तपासणीचे कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता. मला ना राग आला, ना सुटल्यासारखं वाटलं.

सासूबाई अंगणात मोहफुलं पसरत होत्या. चप्पल न काढताच तो म्हणाला, "आई, दोष माह्यात हाय. हिच्यात काहीच नाई. आता हिले बोलू नको."

तेव्हा मी ते नुसतं ऐकलं. असं बोलायला त्याला केवढं बळ लागलं असेल, ते आता कळतं.

सासूबाईंचा हात थांबला. हातातली फुलं त्यांनी खाली ठेवली. मग मला म्हणाल्या, "जेवली का वं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मी हो म्हणाले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण भूकच कळत नव्हती.