घरची सुई

माझा नवरा लाऊडस्पीकरवाला होता. आमच्या धाड गावाच्या आसपास कुठंही लग्न असो, बारसं असो की सप्ताह, भोंगा आमचाच. तरी आमच्या घरात कधी एक गाणं वाजलं नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. हलवायाच्या घरी कोणी पेढे खात नाही म्हटलं तर मात्र लगेच माना हलवतात.

एका लाकडी पेटीत बसवलेलं तबकड्या वाजवायचं मशीन, एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, बॅटरी आणि तबकड्यांची लोखंडी पेटी, एवढा सगळा धंदा होता. दुसऱ्या गावी जायचं तर हे सगळं बैलगाडीत गवताच्या पेंढ्यांवर ठेवून न्यायचे. मशीनच्या दांडीला पुढं नखाएवढी डबी असते. तिला कार्ट्रिज म्हणतात. तिच्या पोटात सुई. आमच्या घरी दोन्हीला मिळून सुईच म्हणत.

आमच्या लग्नात त्यांचा दोस्त मशीनवर बसला होता. पंगती बसल्या आणि तोही जेवायला गेला. इकडं तबकडी एका जागी अडकली. गाणारी बाई एकच शब्द म्हणत राहिली. थोडा वेळ लोक हसले, मग वैतागले. नवरदेवाच्या उपरण्याची गाठ माझ्या शालूला होती. त्यांनी ती सोडली आणि मुंडावळ्यांसकट मांडवाबाहेर चालते झाले. कोणीतरी ओरडलं, "अबे, नवरदेव पयाला!" मांडव खदखदून हसला. मी मान वर करून पाहिलं. नवरा मला पहिल्यांदा नीट दिसला तो असा, पाठमोरा, मशीनकडं धावताना.

पहिल्याच वर्षी मी एकदा म्हटलं, "आपल्या लग्नातली ती तबकडी लावा ना एकदा घरी."

"घरी?" ते म्हणाले. "सुई झिजते."

सासू आतून म्हणाली, "कोनाचं लगन हाय आज आपल्या घरी?"

विषय संपला. नंतर मी विचारलं नाही. मला गाणी सगळी माहीत होती, पण अर्धीच. लग्नात गेले तर मी पोळ्या लाटायला बसलेली. गाणं सुरू झालं की मध्येच हे माइक घेऊन सांगणार, मुलीच्या मामानं लवकर मांडवात यावं. मामा सापडेपर्यंत गाणं संपलेलं. शेतात निंदत असले तर वाऱ्यावर गाणं यायचं. वारा फिरला की तेही जायचं. बाया म्हणायच्या, "तुया नवरा वाजून राह्यला पाह्य." मी म्हणायची, वाजू द्या.

मग एकदा ते मलकापूरला गेले आणि स्टेशनजवळच्या दुकानातून दोन सुया घेऊन आले. एक तिथल्या तिथं मशीनला बसवली. दुसरी माझ्या हातात दिली. प्लास्टिकची इवलीशी डबी, आत कापूस, कापसात ती.

"हे घरची," ते म्हणाले. "धंद्याले लावाची नाई. आपुन घरी आइकू, तेव्हा लावू."

त्यांनी मला लुगडी आणली, पाटल्या केल्या, चपला आणल्या. त्या सगळ्याला काही ना काही कारण होतं. विनाकारण आणलेली वस्तू ही एकच. मी ती फळीवर ठेवली. फळी म्हणजे पत्र्याखाली भिंतीला ठोकलेली लांब फळी. आमच्याकडं चांगलं असेल ते फळीवर जायचं. पितळेची भांडी, पाहुण्यांची गोधडी, माझा शालू. मुलांचा हात पोचत नाही, उंदीर जात नाही.

सुई लावायची तेवढी राहिली. लग्नसराईत ते घरात नसायचे. लग्नसराई संपली की पेरणी. मग सासू आजारी पडली आणि गेली. तिच्या मागं वर्षभर घरात गाणं कसं वाजवणार? वर्ष झालं तेव्हा कॅसेट आली होती. लोक म्हणायला लागले, तबकडीवाला नको, कॅसेटवाला पाहिजे. यांनी कॅसेटचं मशीन घेतलं नाही. म्हणाले, त्यात पाहायला काय आहे, काहीच फिरत नाही. भोंगे विकले. मशीन, अॅम्प्लिफायर, तबकड्यांची पेटी आणि तपासणीचा एक छोटा स्पीकर तेवढा ठेवला. देऊळघाटचा एक लाऊडस्पीकरवाला ओळखीचा होता, त्याच्याकडची सुई तुटली होती. यांनी आपल्या मशीनची काढून त्याला देऊन टाकली. मी म्हटलं, "आपल्याले?" ते म्हणाले, "आपली घरची हाय ना." त्या माणसानं ती जुनी सुई पुढं कितीतरी लग्नांत वाजवली. आमची नवी फळीवरच.

मग त्यांचे कान गेले. जन्मभर भोंग्याजवळ बसलेला माणूस, दुसरं काय होणार? आधी बारीक आवाज गेले. माझा आवाज म्हशीच्या आधी गेला. म्हैस हंबरलेली त्यांना ऐकू यायची आणि मी हाक मारलेली नाही. पोरानं कानाची मशीन आणली. ती लावली की भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं म्हणून ते लावत नाहीत. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर कळतं.

या वर्षी पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरलं. फळी रिकामी करावी लागली. शालू उघडला तर घडी घडीवर फाटलेला. लग्नानंतर कोणी नेसला नव्हता, धुतला नव्हता, नुसता घडीवर फाटला. सून म्हणाली, "आत्याबाई, याच्या पिशव्या पन होत नाईत." आणि मशीनच्या पेटीकडं बोट करून म्हणाली, "हे भंगारवाल्याले देऊ का? लय जागा खाऊन राह्यली."

"जागा तर मी पन खाते. मले पन दे."

"तुमचं वजन कमी भरते," ती म्हणाली. तिला उत्तर द्यायला शिकवावं लागत नाही.

शालूच्या खाली ती डबी होती. मी ती यांच्यापुढं बाजेवर ठेवली. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाले, "मशीन आन इकडं."

ओसरीत पेटी मांडली, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडला. मशीन सुरू केलं तर चकती फिरेना. शिलाई मशीनचं तेल सोडलं, हातानं चार वेळा फिरवली, तेव्हा धडधड करत फिरायला लागली. त्यांचे हात आता कापतात. स्क्रू धरता येत नाही. म्हणून ते सांगत होते आणि मी करत होते. माझा हात गोधड्या शिवणारा आहे, बारीक काम जमतं. दोन स्क्रू, दोन तारा. तारा केसासारख्या, सुईच्या पाठीला असलेल्या दोन बारीक काड्यांना लावायच्या.

"ते लाल वरच्या काडीले लाव."

"कोन्ती वरची? दोन्ही सारख्याच हायेत."

"आंधी झाली का वं तू?"

"तुमी बहिरे झाले ते पुरं हाय," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

काड्यांपाशी पांढरं धरलं होतं, ओल धरलेल्या भिंतीला मीठ फुटतं तसं. मी ते नखानं खरवडलं. त्यांनी ते पाहिलं. मग लोखंडी पेटीतून त्यांनी तबकडी काढली. न विचारता तीच काढली, आमच्या लग्नातली. धोतराच्या सोग्यानं पुसली, चकतीवर ठेवली. दांडी मात्र मला ठेवायला लावली.

तबकडी फिरली. सुई रेघेत बसली. स्पीकरमधून काही आलं नाही.

मी आवाजाचं बटन पूर्ण फिरवलं. काही नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहून ओळखलं. म्हणाले, "उचल दांडी. तार काढ, तिले बोट लाव." बोट लावलं तर स्पीकर घुरघुरला. त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवला होता. तळव्याला ती घुरघुर लागली असावी, कारण मान हलवून म्हणाले, "मशीन चांगलं हाय. सुई मेली."

"मेली म्हंजे? वापरलीच नाई."

"तिच्यात एक खडा रायते. क्षाराचा. गर्मीनं मरते. दुकानदारानं सांगतलं व्हतं, उनात ठेवू नोको."

"मंग फळीवर ठेवाले काऊन नाई म्हटलं नाई? पत्र्याखाली तर भाकर भाजन."

"उनात कुठी व्हती? सावलीतच तर व्हती."

आमच्याकडचा उन्हाळा पत्र्यावर पडतो, त्याखाली मेण वितळतं. आणि आम्ही दोघंही समजत होतो की सुई सावलीत आहे.

मी तार परत लावली, कशाला ते माहीत नाही. दांडी पुन्हा तबकडीवर ठेवली. ते बाजेवर बसून नुसती चकती फिरताना पाहत होते. मी स्पीकर बंद केला आणि सुईवर पांढरं काही राहिलं का ते पाहायला वाकले. तेव्हा मला गाणं ऐकू आलं. स्पीकरमधून नाही, सुईतून. कानाजवळ मच्छर गुणगुणतो एवढं बारीक, पण बाईचा आवाज स्पष्ट, शब्द न् शब्द.

मी उठून त्यांच्या कानात ओरडले, "वाजून राह्यली!"

"कुठी?"

"सुईतच! आपल्या आपन!"

"हाव, तसं वाजते बारीक." त्यांना ते माहीत होतं. जन्मभर त्या दांडीशी बसलेले. त्यांनी पेटीवर कान टेकवला, डोळे मिटले. थोड्या वेळानं उठून बसले. "मले नाई येत. काय म्हणून राह्यली ते सांग."

मग मी तसं केलं. सुईशी वाकायची, एक ओळ ऐकायची, उठून त्यांच्या कानात ती ओरडून सांगायची. पुन्हा वाकायची. मला गाता येत नाही. मी बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तशी ओळ सांगत होते. ते मांडीवर बोटानं ठेका धरत होते आणि ठेका बरोबर होता.

"चाल नाई तुले अजिबात," ते म्हणाले.

"तुमाले कान नाईत, मले चाल नाई. आइका गपचूप."

सून दारात उभी राहून पाहत होती. तिला वाटलं असेल म्हातारा-म्हातारी भांडतात.

जिथं लग्नात तबकडी अडकली होती ती जागा त्यांना नजरेनं माहीत होती. ती जवळ आली तसे ते पुढं सरकले. सुई तिथून सरळ पार झाली, अडकली नाही. "उडली नाई!" ते म्हणाले. मी पण खूश झाले. पण लगेच त्यांच्या तोंडावरचा आनंद गेला. ते सुईच्या टोकाकडं पाहत होते. मीही पाहिलं. टोकाशी करडी पूड जमली होती, पीठ पडतं तशी. सुई अडकली नाही कारण ती तबकडी खरवडत चालली होती. सुई धरणारं आतलं रबर दगड झालेलं, तिला लवताच येत नव्हतं. धंद्यात असताना कोणी तबकडीला नुसतं नख लावलं तरी हे अंगावर धावून जायचे.

"उचलू का?" मी खुणेनं विचारलं.

त्यांनी फिरत्या तबकडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे. आइक तू."

मी वाकले, ऐकलं, उठले, सांगितलं. असं शेवटपर्यंत. दांडी आत जाऊन थांबली, तबकडी नुसती फिरत राहिली.

"पुरं आइकलं ना?" त्यांनी विचारलं.

"नाई. अर्धं."

"काऊन?"

"तुमाले सांगत व्हती ना. तितल्यात फुडची ओळ निंघून जाये."

त्यांनी ती पूड बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली आणि मशीनचं बटन स्वतः बंद केलं.

संध्याकाळी पोरगा आला. सुनेनं त्याला सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "आई, असली सुई ऑनलाईन मिळते. आजच मागवतो, चार दिवसांत येईन."

"नोको. तबकडी गेली आणि त्यांचे कान गेले. सुईले काय करू?"

"मंग तवाच लावाची व्हती ना."

"हाव. तवाच."

"तवा म्हंजे कवा?"

"कवाबी," मी म्हटलं आणि चूल पेटवायला गेले.