तीनदा चालवा, एकदा पास

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत माया पगारे यांच्या पडद्यावर लाल ओळ उमटली. एकूण ४१२ चाचण्यांतली शेवटची, क्रमांक ४१२, नापास.

माया पगारे, वय त्रेचाळीस, राहणार कोपर. त्यांची कंपनी सलाईन पंपांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, चालू प्रोग्रॅमला अधूनमधून सिग्नल देतो: हातातलं थांबव, आधी हे बघ. ते उरकून प्रोग्रॅम नेमका होता तिथेच परतायला हवा. पण एक सिग्नल हाताळतानाच दुसरा आला आणि त्याच क्षणी मेमरी संपली तर? असं क्वचितच घडतं. पगारे अकरा वर्षं अशाच क्वचितच्या वाटा तपासतात.

नवी आवृत्ती उद्या जायची होती, म्हणून त्यांनी लाल ओळ उघडून पाहिली. प्रोग्रॅम परतला होता, पण पंपाच्या वेगाचा आकडा बदलून.

"मायाताई, परत चालवा ना," टीमप्रमुख सुदेश म्हणाले.

दुसऱ्यांदा लाल. तिसऱ्यांदा हिरवी.

"झालं! पास."

"अरे, पेशंटला औषध किती जाईल त्याचा आकडा आहे तो."

"हॉस्पिटलात कधी होणारे असं? आणि रूल कोणाचा, ताई? तुमचाच ना?"

शेजारच्या टेबलावरच्या टेस्टर ऋजुताने हसू दाबलं.

नियम त्यांचाच होता. सात वर्षांपूर्वी लॅबमधली वीज सारखी जायची, चाचण्या उगाच पडायच्या. तेव्हा पगारे यांनी लिहून ठेवलं: तीनदा चालवावी, एकदा पास झाली तरी पास धरावी. पुढे यूपीएस आला. नियम काढायचं कोणालाच सुचलं नाही, त्यांनाही नाही.

दुपारी त्यांनी जुन्या नोंदी काढल्या. वर्षभरात ४१२ एकोणीस वेळा आधी लाल, मग हिरवी झाली होती. प्रत्येक नोंदीखाली सही: मा. पगारे. त्यांनी सगळं सुदेशना पाठवलं आणि आवृत्ती थांबवा म्हणून सांगितलं.

"एकोणीसदा सही केलीत. विसाव्यांदा काय आठवलं?"

"एकोणीसदा मी फक्त रंग बघितला."

"मग हे मेलवर लिहून देता?"

पगारे यांनी लिहून दिलं. आजच्या नोंदीखाली मात्र सही केली नाही. चार वाजता ४१२ यादीतून काढली गेली. त्या बदलाखाली सही ऋजुताने केली.

उद्या सकाळी नऊला चाचण्या नेहमीसारख्या सुरू होतील. एकूण ४११.