तांबं वाचवायला निघालो होतो!

कारखान्यातलं भंगार महिन्याला टेम्पो येऊन उचलून नेतो. किस्से कोण नेणार? ते साठतच राहतात. मी नगरच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर डिझाइन करतो, म्हणजे कमीत कमी तांब्यात कसं भागेल ते कॉम्प्युटरला विचारतो. तो सांगेल तेवढे वेढे देवळालीचे भागवतमामा तारेनं गुंडाळतात. भांडण इथूनच सुरू होतं.

*

माझ्या पहिल्याच डिझाइनला सॉफ्टवेअरनं वेढे काढले ४११.३७. मी तसेच ड्रॉइंगवर लिहिले!

मामा ड्रॉइंग घेऊन वर आले. "चारशे अकरा झाले, साहेब. उरलेला कुठवर न्यायचा, तिथं बोट ठिवा."

*

मग ट्रान्सफॉर्मरची तेलाची टाकी. अशी आटोपशीर केली की पत्रा वाचला, तेल वाचलं. मी लई खूश! मामांनी आतला नट आवळायला हात घातला, तो मनगटाशीच अडकला.

"टाकी झ्याक हाय. आता माझा हात तेवढा ऑप्टिमाइज करून द्या."

*

मालकांचं वेगळंच. नवं छोटं मॉडेल बघून म्हणाले, "वजन कमी, किंमत कमी. शाब्बास! फक्त दिसायला मोठं पाहिजे. गिऱ्हाईक काय आकडे वाचतं?"

*

आणि ती वीस नगांची ऑर्डर. आधी एक नमुना लॉसच्या, म्हणजे आत वाया जाणाऱ्या विजेच्या, टेस्टला पास करायचा होता. माझं प्रोबेशन संपत आलेलं. मालक सरळ म्हणाले, "लॉस लिमिटच्या वर गेला, तर दुसरी नोकरी बघा."

तार बारीक तेवढा लॉस जास्त; पण तांबं वाचवायच्या नादात मी ती इतकी बारीक धरली, की लॉस पार लिमिटला टेकला. कागदावर जेमतेम पास! टेस्टला मीटरकडे बघायची हिंमत होईना. बघतो तर लॉस माझ्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी! मालकांनी मला जागेवरच कायम केलं. "हुबेहूब असेच वीस!"

मी पेढे घेऊन मामांकडे पळालो.

"मामा, एवढा कमी लॉस आला कसा?"

"तुमची बारीक तार येळेवर आलीच न्हाई. जुनी जाड पडून हुती, तीच गुंडाळली."

"अहो, पण तेवढ्या जागेत बसली कशी?"

"लाकडी हातोडी कशाला हाय मग?" मामांनी पेढा तोंडात टाकला. "बरं झालं आलात. बारीक तार आत्ताच उतरवून घेतली, वीसच्या वीस नगांची. करू सुरू?"