कालवांची पिशवी

"पाण्यात किती आहे ते सोडा हो, अंगात किती जातं ते बोला!" चष्मा कपाळावर चढवून आमचे साहेब हे वाक्य कुणालाही ऐकवत. माझा मुलगा दिवसभर अभ्यास करतो असं मी कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, "आणि डोक्यात किती जातं?" असा एखादा सहकारी तुमच्याही वाट्याला आला असेल.

डहाणूच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं पाण्यातले जड धातू मोजायचो. मी बाटलीतलं पाणी मशीनला लावून मोकळा होई. ते मात्र स्वच्छ पाण्यातली कालवं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, आणून, जाळीच्या पिशवीत भरून खाडीत बांबूला टांगत. काही आठवड्यांनी काढून त्यांच्या मांसातलं शिसं आणि कॅडमियम तपासत. कालव पाणी गाळून जगतं आणि त्यातलं जे अंगी लागेल ते साठवत बसतं.

माणूस विदर्भातला, एकटा. इथे आपलं म्हणावं असं एकच घर: त्याच खाडीतली कालवं फोडून विकणाऱ्या एका मावशींचं. रविवारी ते त्यांच्या ओट्यावर जेवायचे.

एकदा टांगलेली पिशवीच गायब. दुपारी मावशी डबा घेऊन हजर. "साहेब, तुमची पिशवी सुटाया आली व्हती, म्हनून काढून आनली. रांधली पन!" सगळी मेहनत रश्श्यात तरंगत होती. आम्ही पोट धरून हसलो. त्यांनी मावशींसमोर डबा चाटूनपुसून संपवला.

पुन्हा पिशवी टांगली. आकडे आले तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. पाण्यातलं शिसं मर्यादेत होतं, कालवांमधलं नव्हतं.

"अहवाल वर जाऊ दे, ते बघतील," मी म्हटलं.

"तोवर मावशी खातात, नातवंडांना घालतात," म्हणाले आणि उठले. मीही मागोमाग गेलो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे आजवर मी तुमाला जहर घातलं?"

"नाही हो मावशी, तुमचा काय दोष..." साहेब म्हणाले.

त्या आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या लाजल्या होत्या. पुढे ओट्यावरचं बोलावणं कधी आलं नाही. साहेब रविवारीही प्रयोगशाळेत येऊन बसू लागले, काम नसताना. मला फार वाईट वाटायचं.

त्यांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही खाडीवर गेलो. ओहोटी होती. एरवी अशा वेळी कालवं काढायला खडकांवर वाकलेल्या बायका दिसायच्या.

"कुणी नाही ना?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.